स्पेनमधली दुकानं : एजंट की वितरक? पासपोर्टिंगबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या कंपनीकडे बँक ऑफ लिथुआनियाचा ई-मनी (म्हणजे वॉलेटमधले डिजिटल पैसे) परवाना आहे. त्याच परवान्यावर युरोपियन युनियनच्या दुसऱ्या देशात काम करायचं, म्हणजेच पासपोर्टिंग. आता स्पेनमध्ये 14 मोबाइल दुकानांमधून रोख घेऊन वॉलेट भरून द्यायचंय. बाकी कागदपत्रं तयार आहेत, घोडं अडलंय ते दुकानांच्या दर्जावर.

नुसतं वॉलेट भरून देणारा दुकानदार वितरक (कंपनीच्या वतीने ई-मनी विकणारा) धरता येतो. पण त्याच काउंटरवरून पैसे पाठवायची सोय दिली, की पीएसडी 2 (युरोपियन युनियनचा पेमेंट सेवांचा कायदा) प्रमाणे तो एजंट, म्हणजे कंपनीच्या वतीने पेमेंट सेवा देणारा, ठरतो. मग अर्जात त्याची मनी लाँडरिंगविरोधी अंतर्गत व्यवस्था आणि दुकान चालवणाऱ्यांची माहिती द्यावी लागते, आणि लिथुआनियाच्या नोंदवहीत नाव चढेपर्यंत काम सुरू करता येत नाही.

विचारायचं असं, की फक्त वॉलेट भरणारी दुकानं स्पेनमध्ये 'आस्थापना' (कंपनीची त्या देशातली कामाची ठिकाणं) म्हणून मोजली जातात का? कारण आस्थापना 10 किंवा जास्त असल्या, किंवा त्यांच्यातून होणाऱ्या व्यवहारांची वर्षाची रक्कम 30 लाख युरोंच्या वर गेली, तर यजमान देश (इथे स्पेन) मध्यवर्ती संपर्क केंद्र, म्हणजे तिथल्या पर्यवेक्षकांशी कंपनीच्या वतीने संपर्क ठेवणारं ठिकाण, नेमायला लावू शकतो. तो खर्च आत्ताच धरायला हवा.

दुसरं, आणि जास्त काळजीचं. ग्राहकाची रक्कम मिळाल्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवसअखेर तशीच पडून असेल, तर ती सुरक्षित करायलाच हवी, उदाहरणार्थ वेगळ्या खात्यात ठेवून किंवा विमा वा हमी घेऊन. दुकानदार शनिवारी 200 युरो घेतो, वॉलेटमध्ये लगेच दिसतात, पण भरणा करतो बुधवारी. मधल्या दिवसांत कंपनीने स्वतःच्या पैशातून तेवढी रक्कम आगाऊ टाकून ठेवावी, की दुकानदाराकडून आधीच अनामत घ्यावी? पर्यवेक्षकांनी यातलं काय मान्य केलंय, हे प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावं.