गेटसमोरचा केळीचा टेम्पो (सोसायटी ग्रुप, जळगाव)

बी-२०४ दादा: सेक्रेटरी साहेब, आजपण सकाळी साडेसहाला गेटसमोर रावेरचा टेम्पो. स्कूल बस वळेना. वॉचमन म्हणतो, ए-५०१ च्या कॅन्सरवाल्या डॉक्टरसाहेबांकडे आलेत. साहेबांना जाऊन आठ महिने झाले. किती दिवस चालायचं हे?

सेक्रेटरी भाऊ: नमस्कार. दखल घेतली आहे.

सी-१०१ अप्पा: शुभ सकाळ 🙏

बी-२०४ दादा: दखल दरवेळी घेतली जाते. बाहेरची गाडी गेटसमोर नको. एवढंच.

ए-३०२ ताई: दादा, त्या माणसाशी बोललात का? मी बोलले. गुटख्याने तोंड उघडत नव्हतं, आत चट्टा होता. साहेबांनी ऑपरेशन केलं. परवा पाच वर्षांची तपासणी चांगली आली म्हणून घड घेऊन आला. साहेब गेले हे त्याला गेटवर कळलं. तिथेच खाली बसला बिचारा.

डी-४०३ भाऊ: घड कुठे आहेत भो?

सी-१०१ अप्पा: वॉचमनच्या केबिनमध्ये. कच्चे आहेत, घाई नको.

डी-४०३ भाऊ: गुटखा तर २०१२ पासून बंद आहे ना राज्यात?

ए-३०२ ताई: मग तुमच्या विंगच्या जिन्यात कोण थुंकतं?

डी-४०३ भाऊ: ताई, विंगवर जाऊ नका. ते भाडेकरू आहेत.

बी-२०४ दादा: विषय गाडीचा आहे. बाहेरची गाडी गेटसमोर नको.

सी-१०१ अप्पा: मला बोलू द्या. आमच्या घरच्यांना छातीत गाठ निघाली. सगळे नातेवाईक म्हणाले, सुई लावू नका, पसरतो. साहेब रात्री दहाला घरी आले, कॅलेंडरच्या मागे चित्र काढून समजावलं. सुईने पसरत नाही, तपासायला उशीर केला तर वाढतो. फुले योजनेची कागदपत्रं, रेल्वे सवलतीचा फॉर्म, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता, सगळं स्वतः लिहून दिलं. घरच्या आज कैऱ्या चिरताहेत.

सेक्रेटरी भाऊ: बागेला साहेबांचं नाव द्यायचा ठराव पुढच्या मीटिंगला घेऊ.

सी-१०१ अप्पा: द्याच. परळला टाटा हॉस्पिटलच्या दारातला रस्ता तिथल्याच डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचा आहे. साहेब तिथे शिकत होते तेव्हा त्याच फुटपाथवर आपल्याकडची माणसं फाइल उशाला घेऊन झोपलेली दिसायची. चोपड्याची, पारोळ्याची. म्हणून परत आलो म्हणायचे.

डी-४०३ भाऊ: बागेत आधी नळ लावा.

ए-३०२ ताई: साहेब रविवारी ५ ते ७ मोबाइल वॉचमनकडे द्यायचे आणि लेकीची सायकल धरून पळायचे. वॉचमनला सांगून ठेवलेलं, केमोच्या पेशंटला ताप आला किंवा रक्त जात असेल तरच हाक मार. आणि रात्री कितीही वाजू देत, कळण्याची भाकरी आईसोबतच.

बी-२०४ दादा: सगळं मान्य. आमचे बाबा गेले त्या संध्याकाळी तीन फोन केले. साहेब लेकीच्या गॅदरिंगला होते. ज्युनिअर आला. मी कधी बोललो नाही.

सी-१०१ अप्पा: दादा, हे इथे नको होतं.

बी-२०४ दादा: मग कुठे?

ए-५०१ वहिनी: सगळं वाचते आहे. दादा, ती संध्याकाळ मला आठवते. लेकीला तीन वर्षं शब्द देऊन तीन वर्षं मोडला होता. चौथ्या वर्षी मीच मोबाइल घेतला, माझ्या पर्समध्ये सायलेंटवर होता. ज्युनिअरचा निरोप शाळेच्या गेटवर मिळाला, तोपर्यंत उशीर झाला होता. राग धरायचा तर माझ्यावर धरा. ते मात्र पुढे कितीतरी दिवस लिफ्टमध्ये तुम्हाला बघून जिन्याने जायचे.

बी-२०४ दादा: (हा मेसेज डिलीट केला आहे)

सी-१०१ अप्पा: 🙏

ए-५०१ वहिनी: एक विनंती. फाइल घेऊन आलेल्याला वॉचमनदादांनी परत पाठवू नये. दुपारी ४ ते ५ मी घरी असते. कोणत्या आजाराला कोणाकडे पाठवायचं ते यांच्या वहीत लिहिलेलं आहे, मी वाचून सांगेन. केळी सगळ्यांनी घ्या, आईंनी चार ठेवली आहेत.

डी-४०३ भाऊ: जिन्यातली पाटी मी लावतो. भाडेकरूंशीही बोलतो.

बी-२०४ दादा: वहिनी, सकाळी आठनंतर माझं पार्किंग रिकामं असतं. टेम्पो तिथे लावायला सांगा. गेटसमोर नको.