‘अनधिकृत’ कादंबरी म्हणायचं की दुसरं काही?

एक शब्द हवाय. दिवाळी अंकासाठी कॉननवर लेख लिहितेय, म्हणजे अमेरिकन लेखक रॉबर्ट हॉवर्डचा तो काल्पनिक सिमेरिया देशाचा तलवारबहाद्दर. १९३२ च्या डिसेंबरात वीअर्ड टेल्स मासिकात पहिल्यांदा आला, १९३६ मध्ये हॉवर्ड अवघ्या तिशीत गेला आणि तेव्हापासून आजपर्यंत दुसरीच माणसं त्याच्या गोष्टी लिहितायत. लेखात एक भाग अशा कादंबऱ्यांवर आहे ज्या वाचकांपैकीच कोणीतरी लिहितं, हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला न विचारता, आणि स्वतःच ऑनलाइन टाकून विकतं. मी सरळ ‘अनधिकृत स्वयंप्रकाशित कादंबऱ्या’ असं लिहून पुढे गेले आणि रात्री परत वाचताना दोन्ही शब्द खटकले. अनधिकृत म्हटलं की मला महापालिकेची नोटीस दिसते, अनधिकृत बांधकाम, अनधिकृत पार्किंग. आणि स्वयंप्रकाशित तर आपण शाळेत ताऱ्यांसाठी शिकलो ना, तारे स्वयंप्रकाशित, ग्रह परप्रकाशित. मला हे लिहिणाऱ्यांचा अपमान करायचा नाहीये, त्यातले कित्येक जण निव्वळ प्रेमापोटी लिहितात, पण विचारलेलं नाही हेही स्पष्ट दिसायला हवं. सुचवा.

—

ताई, स्वयंप्रकाशित काढाच. मी बरीच वर्षं मुद्रितशोधन केलंय, हा शब्द आला की पेन थांबायचं. काही जण ‘स्वप्रकाशित’ लिहितात, तोही मला वेदान्तातला वाटतो. जुन्या पुस्तकांत पहिल्या पानामागे ‘ग्रंथकर्त्याने प्रसिद्ध केले’ असं असायचं, किती स्वच्छ आहे ते. पदरमोड करून काढलेलं पुस्तक असंही आपण म्हणतो, पण तुम्ही म्हणताय त्या पुस्तकांना ते लागू होणार नाही. पदरमोड म्हणजे पाचशे प्रती छापायच्या, त्या घरात पलंगाखाली ठेवायच्या आणि पैसे अडकायचे. आता मागणी आली की एक प्रत छापली जाते, साठा करायचाच नाही. त्यामुळे ‘लेखकानेच प्रसिद्ध केलेली’ एवढंच लिहा, दोन शब्द जास्त गेले तरी चालतील.

—

अनधिकृतला पर्याय म्हणून ‘तोतया’ कसा वाटतो? पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, पार्वतीबाई तर भाऊ गेले हेच मानत नव्हत्या, बरीच माणसं त्याच्या मागे गेली आणि शेवटी १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. खऱ्या वीराच्या नावावर कोणीतरी भलताच उभा राहतो, हाच तर प्रकार आहे. स्पेनमध्ये १६१४ साली असंच झालं होतं, डॉन किहोतेचा दुसरा भाग आवेयानेदा या टोपणनावाने कोणीतरी काढला, मूळ लेखक सर्वांतेसचा स्वतःचा दुसरा भाग अजून यायचा होता. १६१५ ला तो आला तेव्हा सर्वांतेसने आपल्या नायकाचा रस्ताच बदलला, खोट्या पुस्तकातला किहोते सारागोसाला गेला ना, मग माझा बार्सेलोनाला जाईल, आणि शेवटी त्याला मरण दिलं म्हणजे परत कोणी उठवायला नको.

—

उदाहरण फार आवडलं पण शब्दाशी मी सहमत नाही. तोतया ओळख लपवतो, मीच भाऊ म्हणतो. आवेयानेदाला एकवेळ लागू होईल, पण आज जो माणूस स्वतःचं नाव मुखपृष्ठावर घालून कॉननची कादंबरी विकतो तो कुठे म्हणतोय की मी हॉवर्ड आहे? तसंच वाङ्मयचौर्यही नाही, कारण चोर मूळ लपवतो आणि इथे मूळ तर मोठ्या अक्षरात मिरवलेलं असतं. मला ‘प्रक्षिप्त’ जवळचा वाटतो. मूळ ग्रंथात नंतर कोणीतरी घातलेलं ते प्रक्षिप्त. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, १९१९ ते १९६६ एवढा काळ गेला त्यात, ते काम मुख्यतः हेच तर होतं, हस्तलिखितं ताडून पाहून मागाहून आलेलं बाजूला काढणं. आणि त्याच्याही आधी एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि शेवटी सांगून ठेवलं की यात कोणी स्वतःची ओवी घालेल तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे करवंटी. परवानगीशिवाय भर घालू नका हे आपल्या भाषेत इतक्या ताकदीने दुसऱ्या कोणी म्हटलेलं मला माहीत नाही.

—

मूळ प्रश्न विचारणारी मीच. नरोटी वाचून अंगावर काटा आला, लेखात घेणारच. पण प्रक्षिप्तमध्ये एक अडचण आहे आणि ती कॉननच्याच बाबतीत सगळ्यात मोठी आहे. पन्नास-साठच्या दशकात स्प्रेग द कॅम्प आणि नंतर लिन कार्टर या लेखकांनी हॉवर्डच्या अर्धवट राहिलेल्या गोष्टी पुऱ्या केल्या, त्याच्या काही दुसऱ्याच नायकांच्या गोष्टी उचलून त्यात नावं बदलून कॉनन घातला, भर घातली, आणि हे सगळं रीतसर, हक्क बघणाऱ्यांच्या संमतीने. कित्येक वाचकांना कॉनन भेटला तोच या पेपरबॅक आवृत्त्यांतून. मग पुढे २००० नंतर हॉवर्डची टंकलिखितं शोधून शुद्ध पाठाच्या आवृत्त्या काढाव्या लागल्या, म्हणजे भांडारकरांचंच काम छोट्या प्रमाणात. आता बघा, त्या पुस्तकांना काय म्हणणार? अधिकृत आहेत आणि प्रक्षिप्तही आहेत. उलट आज कोणी एखादा न विचारता अख्खी नवी कादंबरी लिहितो तो हॉवर्डच्या एका ओळीलाही हात लावत नाही. तो अनधिकृत आहे पण प्रक्षिप्त नाही. ताट वेगळं, वाटीही त्याची स्वतःची. मला खरंच वाटतं की हॉवर्डचं जास्त नुकसान पहिल्यांनी केलं.

—

आणि अनधिकृत तरी कुठे कुठे लागू पडतो ते बघा. अधिकार कशावरचा? मजकुरावरचा कॉपीराइट आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षं, म्हणजे भारतात हॉवर्ड कधीच मोकळा झाला. युरोपात बहुतेक ठिकाणी ७० वर्षं, म्हणजे २००७ पासून मोकळा. अमेरिकेत त्या काळातल्या छापील गोष्टींना, हक्काचं नूतनीकरण झालं असेल तर, छापल्यापासून ९५ वर्षं, म्हणजे पहिली गोष्ट २०२८ च्या जानेवारीत मोकळी. पण नावाचा ट्रेडमार्क वेगळा, त्याला असं वय नसतं. फ्रान्समध्ये ग्लेना प्रकाशनाने कॉननच्या मूळ गोष्टींवर कॉमिक्स काढली, तीच अमेरिकेत आली तेव्हा मालिकेचं नाव ‘द सिमेरियन’ झालं. तेच पुस्तक एका देशात कॉनन, दुसऱ्यात नुसता सिमेरियन.
ट्रेडमार्कला व्यापारचिन्ह म्हणतात पण इथे मला ‘नाममुद्रा’ घ्यावासा वाटतो, पेपरात ब्रँडला तो वापरतातच, आणि संतांची नाममुद्रा म्हणजे ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’. मजकूर सगळ्यांचा झाला तरी मुद्रा ज्याची त्याचीच, हे मराठी वाचकाला एका शब्दात कळेल.
लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिणाऱ्या टॉल्किनचं मात्र उलट, तिथे मजकुराचे हक्कही जिवंत आहेत. एका अमेरिकन लेखकाने २०२२ मध्ये लॉर्ड ऑफ द रिंग्जचा पुढचा भाग म्हणून स्वतःच कादंबरी काढली, वर २०२३ मध्ये टॉल्किनचे हक्क सांभाळणारी टॉल्किन इस्टेट आणि ॲमेझॉनवरच दावा लावला की टॉल्किनच्या जगावरची तुमची सीरिज माझ्या पुस्तकावरून घेतलीय. दावा फेटाळला गेला, वर्षाअखेरीला कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या आणि समोरच्याचा वकिलांचा खर्च, साधारण १ लाख ३४ हजार डॉलर, त्याच्यावर बसला. त्याला अनधिकृत म्हणा, शंभर टक्के बरोबर. कॉननवाल्याला भारतात म्हणाल तर चूक ठरेल.

—

मी भाषेतली जाणकार वगैरे नाही पण इतका वेळ वाचतेय आणि एक शब्द जिभेवर येतोय, ‘परस्पर’. आमच्याकडे भावाने जमीन परस्पर विकली म्हणतात, पोरांनी परस्पर लग्न ठरवलं म्हणतात. गुन्हा झालाच असं नाही, कायद्याने कदाचित बरोबरही असेल, पण ज्याला विचारायला पाहिजे होतं त्याला विचारलं नाही हे त्यात येतं आणि कुठेतरी दुखावलंय हेही येतं.

—

अहो ताई, माझ्या लेखाला हाच! परस्परचा दुसरा अर्थ आहे, एकमेकांचा, परस्पर संबंध, पण क्रियापदाच्या आधी आला की मराठी माणूस चुकत नाही. म्हणून विशेषण करायचं नाही, ‘परस्पर कादंबरी’ काही उभी राहत नाही, क्रियेलाच जोडायचा. सोबत ‘बेतलेली’ हा शब्दही घेते, कापड दुसऱ्याचं आणि माप आपलं हे त्या शब्दात शिंप्याकडूनच आलंय. आता वाक्य असं झालंय: ‘कॉननवर बेतलेल्या आणि लेखकांनी परस्पर लिहून स्वतःच प्रसिद्ध केलेल्या कादंबऱ्या’. जिथे कोर्टाचा निकाल आहे तिथे, आणि फक्त तिथेच, अनधिकृत लिहीन. लेखातला टॉल्किनचा परिच्छेद त्याप्रमाणे उद्या सकाळी दुरुस्त करते.