धान्याच्या दुकानात 'उधारी बंद'ची पाटी: लावावी की नको?

गल्ल्यावरचा: कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं धान्याचं दुकान. मी 'उधारी बंद' अशी पाटी लावली. आबांनी दुसऱ्याच दिवशी ती उतरवली आणि तिच्याच पाठीवर एका गिऱ्हाइकाची उधारी मांडली! 2019 च्या महापुरात व्हीनस कॉर्नरजवळच्या गोदामात आमचा माल कुजला, तेव्हा मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यानं एक कागद न मागता दोन गाड्या माल धाडला, हे ते दर महिन्याला ऐकवतात. पण महापूर रोज येत नाही, आणि माझे पैसे रोज अडकतात. माझं चुकतंय का?

जुनी वही: चुकतंय. हुपरीत जाऊन बघा. चांदी कारागिराच्या घरी जाते आणि दागिना होऊन परत येते. तिथं सिबिल कोण बघत नाही. बाप कोण, शब्द कसा, एवढंच बघतात.

भाडेकरू: तिथंच तर घोडं अडतं. राजारामपुरीत येऊन मला दोन वर्षं झाली, पण दुकानदार माझ्यासाठी वही काढत नाही. माझा बाप इथं कुणाला ठाऊक? मला सिबिलच बरं. ते निदान गाव विचारत नाही.

उसाचा पाला: विश्वासाचं कौतुक शेतकऱ्याला सांगू नका राव. ऊस कारखान्याला गेला की 14 दिवसांत बिल, उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. व्याज मागून पुढच्या वर्षी तोड वेळेत मिळालेला एक तरी गडी दाखवा. ह्याला उधारी म्हणत्यात? हा नाइलाज हाय.

जुनी वही: कारखाना आणि किराणा एका तागडीत घालू नका. दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या घरातलं सगळं ठाऊक असतं.

भाडेकरू: पण बिल थकलं की शेतकरी दुकानात वही काढायला लावतो. म्हणजे कारखान्याला उधार देतोय कोण? गल्ल्यावरचे आबाच की!

गल्ल्यावरचा: हे डोक्यात आलंच नव्हतं. काल वही चाळली. एक येणं तीन वर्षांपलीकडचं, सही नाही, म्हणजे दाव्याची मुदतही गेली. नाव खोडू का म्हणून विचारलं, तर आबा म्हणाले, "थांब, त्याचा ऊस जायचाय अजून."