जुन्या वर्कस्टेशन प्रोसेसरांचा सपोर्ट काढून टाकावा का?

खटपट्या (धागाकर्ता)
जानेवारी २०२४ मध्ये लिनक्स कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) ६.७ आवृत्ती आली आणि त्यातून इंटेलच्या इटानियम प्रोसेसरचा सपोर्ट गेला. त्याच वर्षी डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरच्या सुरुवातीच्या चिपांनाही रजा मिळाली. "वापरतंय कोण?" एवढंच विचारून असे निर्णय होऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

चार बाइटांचा आकडा चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचायला जा. इंटेलचा प्रोसेसर निमूट वाचून देतो. सन कंपनीचा स्पार्क प्रोसेसर तिथल्या तिथे 'बस एरर' देतो आणि प्रोग्राम बंद पडतो. नेटवर्क पॅकेटचे बाइट पत्ता न तपासता थेट स्ट्रक्चर (आकड्यांचा ठरलेला साचा) समजून वाचणाऱ्यांचा कोड इथे लगेच उघडा पडतो. एचपीच्या पीए-रिस्क प्रोसेसरवर तर स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती मेमरी) वरच्या दिशेने वाढतो. तो खालीच वाढणार असं धरून चाललेला गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) तिथे आपटतो. चूक कोडमध्ये आधीपासूनच असते, ही मशीन्स ती चव्हाट्यावर आणतात.

कर्नलवाचक
सहमत नाही. या शिकवणीची किंमत कोण मोजतं, तेही बघा.

अल्फावर एका कोअरने नवा डेटा लिहिला, मध्ये बॅरियर (आधीचं लिखाण आधी दिसावं म्हणून दिलेली सूचना) टाकला, मग त्या डेटाचा पॉइंटर (पत्ता) लिहिला. सगळं नियमाप्रमाणे. दुसऱ्या कोअरने नवा पॉइंटर वाचला, त्यामागे गेला, तर हाती जुनाच डेटा! काही अल्फा चिपांत कॅशे (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) दोन भागांत असते. बदल एका भागात आधी पोचतो, दुसऱ्यात नंतर. या एका घराण्यापायी कर्नलमध्ये जागोजागी वेगळा बॅरियर लिहावा लागायचा, आणि अल्फा कधी पाहिलाही नाही अशांना तो समजून घ्यावा लागायचा. पुढे तो 'रीड-वन्स' मॅक्रोच्या (तयार कोड-तुकड्याच्या) पोटात घातला, तेव्हा कुठे बाकीच्यांची सुटका झाली.

अलाइनमेंटच्या (भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून वाचण्याच्या) चुका आता सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना चुका शोधणारी साधनं) पकडतात. बिग-एंडियन (आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवणारी पद्धत) तपासायला आयबीएमचं एस३९०एक्स मेनफ्रेम आहे, आणि ते आजही विकलं जातं.

खटपट्या
सॅनिटायझर फक्त चाललेला कोड तपासतो. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाले प्रत्येक पोर्ट (एकेका प्रकारच्या मशीनसाठीची आवृत्ती) त्या-त्या हार्डवेअरवरच बिल्ड करतात, क्रॉस-कंपाइल करून (दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर बनवून) वितरण करत नाहीत. कंपायलर, शेल, डिस्क ड्रायव्हर, सगळं तासन्‌तास एकदम राबतं. एमुलेटरमध्ये (मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) खऱ्या कॅशेचे असले चाळे दिसतच नाहीत.

ओके_प्रॉम्प्ट
खरं हार्डवेअर म्हणता, पण ते टिकवणं किती जिकिरीचं आहे ते ऐका. जुन्या सन मशीनमध्ये घड्याळ आणि एनव्हीरॅम (बॅटरीवर टिकणारी छोटी मेमरी) एकाच चिपमध्ये असतं, आणि बॅटरीही तिच्याच प्लास्टिकमध्ये बंद. बॅटरी संपली की मशीन स्वतःचा इथरनेट पत्ता विसरतं आणि सुरू होताना आयडीप्रॉम (मशीनची ओळख असलेली माहिती) अवैध असल्याचं सांगतं. मग मशीनच्या फर्मवेअरच्या 'ओके' प्रॉम्प्टवर एमकेपी कमांडने एकेक बाइट हाताने भरायचा, चेकसमसकट (पडताळणीच्या आकड्यासकट). वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. कायमचा इलाज हवा तर चिपचं प्लास्टिक कानशीने घासून आतले संपर्क उघडे करायचे आणि बाहेरून सेल जोडायचा.

हे सगळं मी हौसेने करतो, आणि म्हणूनच सांगतो: ज्याच्याकडे चालतं मशीन आहे त्यानेच पोर्ट सांभाळावा. मशीन नसलेला मेंटेनर नावापुरता असतो.

कर्नलवाचक
हे पटलं. पण खटपट्या, पहिल्या अल्फाचं काय? १९९२ च्या २१०६४ मध्ये एक बाइट लिहायची इन्स्ट्रक्शनच नव्हती. अख्खा 'वर्ड' (अनेक बाइटांचा गट) वाचा, त्यातला बाइट बदला, परत लिहा. तेवढ्यात दुसऱ्या कोअरने शेजारचा बाइट बदलला असेल तर तो गेला. सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणातल्या (सी११) मेमरी मॉडेलला हे चालतच नाही. इथे चूक आमच्या कोडची नाही, चिपचीच मर्यादा आहे.

नेटबीएसडीकर
लिनक्समधून गेलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम डेकच्या जुन्या व्हॅक्स मशीनवर अजून चालते. ड्रायव्हर बस-स्पेसच्या (हार्डवेअरमधले फरक झाकणाऱ्या) थरावर लिहिलेले असतात, त्यामुळे तोच ड्रायव्हर वेगवेगळ्या मशीनवर चालतो, आणि बिल्ड वेगवान मशीनवर होतो. ओझं किती होतं ते बरंचसं रचनेवर ठरतं.

खटपट्या
बाइटचा मुद्दा मान्य. पण १९९६ च्या २११६४ए पासून ती इन्स्ट्रक्शन आली, आणि तिथून पुढचे अल्फा लिनक्सने ठेवले. म्हणजे अडचणीच्या चिपा काढल्या, घराणं ठेवलं. इटानियम मात्र मुळासकट उपटला, तोही शेवटच्या चिपांची खेप २०२१ मध्येच रवाना झालेली असताना. हा न्याय मला पटत नाही.

कर्नलवाचक
त्याच २०२१ मध्ये इटानियमची कर्नलमधली नोंद 'अनाथ' (सांभाळणारा कोणी नाही अशी) झाली होती. अल्फाला सांभाळणारी माणसं होती. वर ओके_प्रॉम्प्ट म्हणतात तसा चालतं मशीन असलेला एक माणूस तेव्हाच पुढे आला असता, तर मी काढण्याच्या विरोधात बोललो असतो.