मदत हवी आहे: बेस गिटारच्या बॉडीत आंबा आणि तून यांच्या मधली काळी रेघ, कोणतं व्हिनिअर घेऊ?

मंडळी, नमस्कार. मी मिरजेचा. कुपवाड एमआयडीसीत पॅटर्न शॉपमध्ये कामाला आहे. फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करण्यात वीस वर्षं गेली, त्यामुळे लाकूड हाताला नवं नाही, पण वाद्य पहिल्यांदाच करतोय. पुतण्या पुण्यात बँडमध्ये बेस वाजवतो. त्याच्यासाठी चार तारांची, ३४ इंच स्केलची (म्हणजे तारेची वाजती लांबी) बेस गिटार करायला घेतली आहे. बॉडीचे भाग कापून तयार आहेत, नेक निम्म्यावर आहे, आणि गेला दीड महिना मी व्हिनिअरच्या, म्हणजे लाकडाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या एका पातळ पानापाशी अडकलोय.

आधी लाकडाचं सांगतो, म्हणजे प्रश्न नीट कळेल. आमच्या मळीत, कृष्णेच्या अगदी काठाला, आजोबांनी लावलेला रायवळ आंबा होता. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात मुळाखालची माती वाहून गेली आणि झाड आडवं झालं. जळणाला द्यायचं जिवावर आलं, म्हणून वखारीत नेऊन फळ्या पाडून घेतल्या आणि मधे पट्ट्या घालून गोठ्याच्या माळ्यावर रचून ठेवल्या. यंदा त्यातली एक फळी उभी चिरून पुस्तकासारखी उघडली. सोनेरी अंगावर बुरशीने ओढलेल्या बारीक काळ्या रेघा, डावीकडे जशा तशाच उजवीकडे. हीच गिटारची वरची फळी, ६ मिमी जाडीची.

खालचं अंग तुनीचं आहे, ३६ मिमी. ते मिळालं सतारमेकर गल्लीतल्या एका चाचांकडून. सतारीच्या कामासाठी आणलेल्या लाकडातून उरलेला ठोकळा होता. तून महोगनीच्याच कुळातली, वजनाला हलकी, रंग लालसर तपकिरी. बेसच्या बॉडीला याहून चांगलं लाकूड मला इथं मिळालं नसतं. फिंगरबोर्ड जुन्या शिसवी चौकटीतून काढलाय, गडद जांभळट.

आता आंबा आणि तून यांच्या मधे एक काळी रेघ हवी आहे. फिंगरबोर्डचा गडदपणा बॉडीत कुठंतरी उतरला पाहिजे. शिवाय सोनेरी आणि तपकिरी थेट एकमेकांना भिडले की जोड नुसता दिसतो, ठरवून केल्यासारखा वाटत नाही.

वाटतं तेवढं हे सोपं नाही. बाजूने बघितलं तर व्हिनिअरची रेघ पानाच्या जाडीएवढीच दिसते, ०.५५ मिमी. तेवढी फार बारीक वाटली म्हणून दोन पानं एकावर एक घालायचं ठरवलं, म्हणजे १.१ मिमी. पण उजवा हात टेकतो तिथं मी उतार काढणार आहे, साधारण १५ अंशांचा. त्या उतारावर तेच १.१ मिमी तिरपं कापलं जाऊन सव्वाचार मिलिमीटरचा पट्टा होतो. म्हणजे एकच व्हिनिअर एका जागी रेघ आणि दुसऱ्या जागी पट्टा. बाजूला कुठलंही काळं चालून जाईल, पण उतारावर त्या पानाचे रेषे, छिद्रं, दोन पानांमधला गोंद, सगळं उघडं पडतं.

म्हणून नुसते नमुने बघत बसलो नाही. आंबा-तुनीचे हातभर लांबीचे तुकडे घेऊन मधे वेगवेगळी पानं चिकटवली, रंध्याने १५ अंशांचा उतार काढला, ३२० नंबरच्या पेपरने घासलं आणि वर चपड्याचं पॉलिश दिलं. हे पॉलिश चाचांनीच शिकवलं. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, मलमलची पुरचुंडी, आणि हात न थांबवता गोल फिरवत राहायचं. पूर्ण गिटारलाही हेच पॉलिश करायचं आहे, स्प्रे नको.

शिसवीचं पान पहिलं. कोरडं असताना सुंदर दिसलं. पॉलिश चढल्यावर तूनही गडद झाली आणि रेघ तिच्यात बुडाली. दोन हातांवरून बघितलं तर ओळखूच येत नाही.

मग काळं रंगवलेलं पान आणलं, कारखान्यात डाय मुरवलेलं. रंग आरपार होता, उतारावर पट्टा एकसारखा काळाभोर आला. समाधानाने पुरचुंडी फिरवायला घेतली आणि दुसऱ्याच हाताला मलमल करडी झाली. बघतो तर काळा रंग स्पिरिटमध्ये सुटून आंब्याच्या छिद्रांत गेलेला. पुन्हा घासलं, तरी छिद्रांतला निघाला नाही. सोनेरी लाकडावर धुरकट डाग कायमचा राहिला. झाडाच्या त्या फळीचा जोड पुन्हा मिळणार नाही, त्यामुळे इथं धोका पत्करायची माझी तयारी नाही.

वेंगे या आफ्रिकी लाकडाचा रंग मनात भरला. चॉकलेटी-काळा, आणि तो मूळचाच, सुटायची भीती नाही. पण रेषा जाड आणि छिद्रं मोठी. उतारावर रंधा फिरवताना दोन ठिकाणी कपचा उडाला आणि पट्टा तुटक दिसायला लागला. छिद्रं आधी भरून घेतली आणि शेवटची घासणी फक्त पेपरने केली तर हे टळेल का? ज्यांनी वेंगे हाताळलंय त्यांनी कृपया सांगावं.

चौथा प्रयोग घरचा. हिरड्यात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असतं आणि लोखंडाशी गाठ पडली की ते काळं होतं. जुनी शाई याच तत्त्वावर व्हायची. गणपती पेठेतून हिरडा आणला, कुटून उकळला. सागवानाचं पान त्या काढ्यात भिजवून वाळवलं, मग व्हिनेगरमध्ये स्टील वूल विरघळवून गाळलेल्या पाण्यात टाकलं. बघता बघता काळं झालं! मात्र एका रात्रीच्या भिजवणीत रंग वरवरच मुरला. उतार काढल्यावर मधे तपकिरी रेघ निघाली. काढ्यात तीन दिवस ठेवल्यावर आरपार गेला. हा काळा रंग स्पिरिटमध्ये सुटत नाही, मलमल स्वच्छ राहिली, म्हणून माझं मन याच्याकडे जास्त ओढतंय. भीती एकच आहे. पानात न जुळलेलं लोखंड शिल्लक राहिलं असेल तर गोंदातल्या ओलाव्याबरोबर ते आंब्यात किंवा तुनीत उतरून वर्षभराने करडी छटा येईल का? नुकत्याच केलेल्या तुकड्यावर आज काही दिसत नाही, पण त्यावरून खात्री धरवत नाही. पान वाळल्यावर साध्या पाण्याने किती वेळा धुवावं?

पाचवा पर्याय अजून हातात आलेला नाही, तो म्हणजे स्मोक्ड ओक. अमोनियाच्या वाफेवर ओकमधलं टॅनिनच गडद होतं, बाहेरून रंग घालावा लागत नाही, म्हणून सुटायचाही प्रश्न नसावा. पण इथं दुकानात व्हिनिअर म्हटलं की प्लायवर चिकटवलेला ४ मिमीचा बोर्डच पुढे येतो. सुटं पान मागितलं तर पूर्ण गठ्ठा घ्या म्हणतात.

चाचांचं मत वेगळं. ते म्हणाले, ‘‘बेटा, लाकूड कशाला शोधतोस, सेल्युलॉइडची काळी पट्टी घाल, आम्ही तेच वापरतो.’’ तंबोऱ्याच्या तबलीवर ती शोभते यात शंका नाही. पण माझ्या उतारावर चार मिलिमीटरचा प्लास्टिकचा पट्टा चकाकेल, आणि त्या आंब्याशेजारी मला लाकूडच हवंय. त्यांना तसं सांगितलं, तर तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, मग हिरड्याचंच कर, पण घाई करू नको.

गोंदाचंही विचारायचं आहे. पाण्यावरच्या पांढऱ्या गोंदाने पहिल्या तुकड्यात पान फुगून लाटा आल्या, आणि दोन काळ्या पानांच्या मधे केसाएवढी पिवळट रेघ उतारावर दिसली. दुसऱ्यांदा इपॉक्सीत काळं पिगमेंट कालवलं, दोन्ही बाजूंना १८ मिमी प्लायचे तुकडे लावून शिकंज्यात रात्रभर आवळलं. रेघ गेली, लाटाही नाहीत. पण तेच पिगमेंट आंब्याच्या छिद्रांतून वर आलं तर? आंब्याच्या आतल्या बाजूला आधी चपड्याचा पातळ हात देऊन छिद्रं बुजवावीत असं डोक्यात आहे. त्याने इपॉक्सीची पकड कमी होईल का, हे कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.

जून लागायच्या आत बॉडी चिकटवून मोकळं व्हायचंय. एकदा पाऊस सुरू झाला की इथल्या दमट हवेत ६ मिमीची फळी सपाट राहील याचा भरवसा नाही.

आणि सांगली-सातारा भागात कुणाकडे स्मोक्ड ओकचा हातभर तुकडा उरला असेल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. बदल्यात त्या आंब्याची एक फळी देईन, अजून चार शिल्लक आहेत.