बी.एस्सी. होऊन दोन वर्षे झाली, भावाला नोकरी का मिळत नाही?

मांजराकाठ: माझ्या धाकट्या भावाने लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले, तेही प्रथम श्रेणीत. दोन वर्षे तो पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करीत आहे. मध्यंतरी त्याने तीन कंपन्यांत मुलाखती दिल्या, पण काहीच झाले नाही. घरच्या सोयाबीनवर त्याची मेस आणि अभ्यासिकेचे भाडे भागत नाही. वडील त्याला काही बोलत नाहीत, पण त्याचा फोन आला की उठून अंगणात जातात. दोष नेमका कुठे आहे आणि आम्ही आता काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

जुना स्पर्धार्थी: ताई, त्याच्या कष्टांत दोष शोधू नका. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार, आणि खुल्या प्रवर्गातील प्रत्येकाने त्यासाठी एक हजार रुपये शुल्क भरले होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातील पदवीधर तरुणांत बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते केवळ ३.४ टक्के होते. ज्याच्या घरी आजची चूल आजच्या मजुरीवर पेटते, त्याला थांबणे परवडत नाही. पदवीधराला घर काही काळ सांभाळते, आणि पदवीला साजेशी कामे मात्र पदवीधरांच्या संख्येइतकी वाढलेली नाहीत. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ असल्यामुळे 'अजून एक प्रयत्न' कधी संपतच नाही. मी पाच वर्षे दिली. तुम्ही भावाबरोबर बसून शेवटच्या प्रयत्नाची तारीख आजच ठरवा.

कुरकुंभ क्यूसी: मी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत गुणवत्ता नियंत्रणाचे काम पाहतो आणि नवीन मुलांच्या मुलाखतीही घेतो. मी एकच काम सांगतो : सोडियम हायड्रॉक्साइडचे ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचे एकक) द्रावण एक लिटर तयार करा. चार ग्रॅम घ्यायचे, हे जवळजवळ सर्वांना तोंडपाठ असते. मात्र तो पदार्थ हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, म्हणून नुसत्या वजनावर विसंबून न राहता ऑक्झॅलिक आम्लाशी टायट्रेशन करून, म्हणजे तीव्रता माहीत असलेल्या आम्लाशी थेंबाथेंबाने मोजून अभिक्रिया घडवून, द्रावणाची खरी तीव्रता काढावी लागते, हे दहांत एखादाच सांगतो. मुले हुशार असतात. त्यांच्या हाताला सवय नसते, एवढेच. तुमच्या भावाला शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज करायला सांगा. विद्यावेतन तुटपुंजे असले, तरी वर्षभर प्रयोगशाळेत उभे राहिलेल्या मुलाला पुढच्या कंपनीत अनुभवाचा प्रश्न आडवा येत नाही.

तासिकावाला: वरील प्रतिसादात सांगितलेली सवयीची उणीव आमच्याकडची, म्हणजे महाविद्यालयांची आहे, हे मान्य करतो. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर शिकवतो. एका बॅचला तीस मुले आणि चालू स्थितीतील ब्युरेट (टायट्रेशनची खुणा असलेली काचनळी) सहा, अशा अवस्थेत पाच जणांत एक जण प्रयोग करतो आणि उरलेले चौघे त्याची निरीक्षणे जर्नलमध्ये उतरवतात. कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत. वर्षाच्या मध्यावर नेमलेल्या माणसाला अभ्यासक्रम संपवण्याचीच घाई असते.

मांजराकाठ: सर्वांचे मनापासून आभार. आज रात्री भावाला फोन करून विचारले. तीन वर्षांत ब्युरेट स्वतःच्या हातात चार वेळा आली होती, असे तो म्हणाला. येणारी पूर्व परीक्षा शेवटची, असे आम्ही ठरवले आहे; शिकाऊ उमेदवारीचा अर्ज मात्र तो याच आठवड्यात भरणार आहे.