आडव्या स्क्रोलच्या डिव्हमध्ये तक्त्याची वरची ओळ चिकटत नाही

मांडवीकाठ
पणजीहून सुटणाऱ्या बसगाड्यांचं वेळापत्रक पानावर मांडतोय. डावीकडे मार्ग, वरच्या ओळीत थांबे: म्हापसा, पेडणे, फोंडा, मडगाव, काणकोण. मोबाइलवर तक्ता मावत नाही, म्हणून भोवतीच्या डिव्हला (तक्ता ज्यात ठेवलाय ती चौकट) सीएसएसमध्ये ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो दिलंय, म्हणजे न मावलेलं आडवं सरकवता येतं. साइटचा हेडर ५६ पिक्सेलचा आणि स्टिकी (पान सरकलं तरी वर चिकटून राहणारा), म्हणून वरच्या टीएचना (शीर्षकाच्या रकान्यांना) पोझिशन: स्टिकी, टॉप: ५६ पिक्सेल. पहिला स्तंभ लेफ्ट: ० वर नीट चिकटतो. पण पान सरकवलं की थांब्यांची ओळ निघून जाते. शिवाय सुरुवातीपासूनच ती खाली घसरून पहिल्या गाडीच्या वेळा झाकते. झेड-इंडेक्स (कोण कोणाच्या वर दिसेल तो क्रम) वाढवूनही तेच.

सत्तरीकर
ती घसरणच कारण सांगते. स्टिकी घटक सर्वांत जवळच्या स्क्रोल कंटेनरला (आतला मजकूर सरकवू शकणाऱ्या चौकटीला) चिकटतो, मग तो कंटेनर त्या दिशेला प्रत्यक्ष सरकत असो वा नसो. तुम्ही एक्सलाच (आडव्या दिशेला) ऑटो दिलंत, पण मग वायचं (उभ्या दिशेचं) व्हिजिबल ब्राउझर आपोआप ऑटो धरतो. ब्राउझरच्या डेव्हटूल्सच्या (तपासणीच्या साधनांच्या) कम्प्युटेड टॅबमध्ये दिसेल. म्हणजे ५६ पिक्सेल मोजले जातात डिव्हच्या वरच्या कडेपासून. डिव्हची उंची तक्त्याएवढीच, आत उभं सरकायला काही नाही, त्यामुळे पानासोबत ओळही वर जाते.

उभा स्क्रोलही डिव्हलाच द्या: ओव्हरफ्लो: ऑटो, मॅक्स-हाइट: कॅल्क (१०० डीव्हीएच - ५६ पिक्सेल), आणि टीएचचा टॉप ०. १०० डीव्हीएच म्हणजे पडद्याच्या दिसणाऱ्या भागाची पूर्ण उंची. कोपऱ्यातल्या रकान्याला टॉप व लेफ्ट दोन्ही ०. झेड-इंडेक्स कोपऱ्याला ३, वरच्या ओळीला २, पहिल्या स्तंभाला १. तिन्हींना अपारदर्शक बॅकग्राउंड हवाच.

फोंडेकर
बॉर्डर-कोलॅप्स: कोलॅप्स (शेजारच्या रकान्यांची रेषा सामाईक) असेल तर रकाने चिकटतात, पण रेषा मागे राहतात. सेपरेट करा, बॉर्डर-स्पेसिंग ०.

ओव्हरफ्लो: हिडननेही स्क्रोल कंटेनर बनतो, तेव्हा वरच्या रॅपरमध्ये कुठे ते लपलेलं नाही ना पाहा, साइटचा हेडर त्यानेच बिघडेल. नुसतं कापायचं असेल तिथे क्लिप वापरा, त्याने कंटेनर बनत नाही (सफारीत १६ पासून). तुमच्या तक्त्याला मात्र क्लिप चालणार नाही, आडवं सरकणंच बंद होईल.

सत्तरीकर
रुंद पडद्यावर तक्ता मावतो, तिथे आतला स्क्रोल ठेवू नका. मीडिया क्वेरीत (ठरावीक रुंदीच्या पडद्यालाच लागू होणाऱ्या नियमांत) डिव्हला ओव्हरफ्लो: व्हिजिबल, मॅक्स-हाइट: नन, टीएचला पुन्हा टॉप: ५६ पिक्सेल. आणि दहा-बाराच गाड्या असतील तर मोबाइलवर मॅक्स-हाइट नकोच: पानात एक स्क्रोल, तक्त्यात दुसरा, बोट कुठे पडेल त्यावर काय सरकेल ते ठरतं. तिथे पहिला स्तंभ चिकटला तरी पुरे.